मधी फट हाय

सन एकोणीसशे ब्याऐंशी. माझं वय तेव्हा त्रेचाळीस. त्या साली लातूर जिल्हा झाला, आणि त्याच साली माझ्या मेव्हण्यानं भर गंजगोलाईत, सगळ्या बाजारादेखत, गिटारीचं डोकं दातात धरलं.

दोन्ही गोष्टींची चर्चा बाजारात सारखीच झाली.

मेव्हणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. पाळण्यातलं नाव शिवलिंग, घरात शिवल्या, आणि गावाला शिवा पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. जिल्हा झाला तसं त्याला जेवायला फुरसत मिळेना, कारण लातूरच्या यच्चयावत पाट्यांवर 'जिल्हा उस्मानाबाद' लिहिलेलं होतं आणि प्रत्येकाला ते उद्याच्या उद्या पुसून हवं होतं. त्या दिवशीही तो एका कापडदुकानाची पाटी रंगवत होता. मी समोरच माझ्या माणसांकडून तुरीची पोती उतरवून घेत होतो. शिवल्या शिडीवरून उतरला, गोणपाटातून गिटार काढली, दुकानाच्या पायरीवर बसला, अंगठ्यानं एक तार छेडली आणि गिटारीचा शेंडा, जिथं तारा पिळायच्या खुंट्या असतात तो, दातात धरून डोळे मिटले. दुखरी दाढ उपटल्यावर माणसाच्या तोंडावर जे समाधान येतं, ते त्याच्या तोंडावर.

शेजारचा खाजाभाई टेलर मशीन थांबवून ओरडला, "क्या मुकादम! साले कू रोटी नइ देते क्या घर में? लकडी चबा रा बेचारा!"

सगळा बाजार हसला. माझे हमालसुद्धा पाठीवर पोतं घेऊन हसले. मी पोत्यांकडं बघत राहिलो. रस्त्यात पिऊन पडलेला नातेवाईक दिसला की माणूस जसा दुसरीकडं बघतो, तसं. शिवल्या प्यायचा नाही, हीच माझी अडचण होती. पिणाऱ्याचं काहीतरी सांगता येतं.

मी शिकलेला माणूस नाही. निजामाच्या राज्यात दुसरीपर्यंत गेलो, तेही उर्दूत. मराठी अक्षरं मी आडतीतल्या पोत्यांवर वाचून शिकलो. पण आडत बाजारात मी मुकादम होतो. माझ्या शब्दावर पोती उचलली जायची आणि माझ्या शब्दावर खाली ठेवली जायची. समोरून आलेला माणूस "शरणार्थ मुकादम" म्हणून पुढं जायचा. असल्या माणसाचा मेव्हणा लाकूड चावतो म्हटल्यावर माझ्या टोपीची काय किंमत राहिली, ते तुम्हीच ठरवा.

ती गिटार त्याला फुकट मिळालेली. दुष्काळ संपल्यावर जी पहिली यात्रा भरली, तीत हैदराबादची कुठलीशी ऑर्केस्ट्रा पार्टी आली होती. त्यांचा बोर्ड शिवल्यानं रंगवला. सामान उतरवताना ट्रकवरून गिटार पडली आणि तिची दांडी धडापासून निखळली. वाजवणाऱ्यानं ती बघितली, "अब इसमें जान नहीं" म्हणाला आणि तंबूमागं टाकून दिली. शिवल्यानं ती उचलून आणली. मांजराचं पिल्लू आणावं तशी, सदऱ्याखाली धरून.

बरं, ती गिटारही साधी नव्हती, विजेवरची होती. आतून पोकळ नाही, भरीव लाकूड. आवाजाच्या पेटीला जोडली तर गावभर ऐकू जाते म्हणे, आणि नाही जोडली तर डास गुणगुणल्यासारखी. पेटी शिवल्यानं कधी घेतलीच नाही. म्हणजे माझा मेव्हणा न वाजणारी गिटार काखेत घेऊन हिंडणारा माणूस होता. गुडघ्यावर ठेवून तो ती काय करायचा? तर रोज उघडायचा आणि रोज मिटवायचा.

तिची रचना मी इतकी वर्षं बघितली की मला पाठ झाली. धड वेगळं, दांडी वेगळी. धडाला एक खाच, तीत दांडीचा बुडखा बसतो, आणि पाठीमागून चार स्क्रू. बाजेचा पाय बसवावा तसं काम. पण शिवल्याच्या हिशेबानं ती दांडी कधी बसलीच नव्हती. आधी त्यानं खाचेतला रंग खरवडून काढला. म्हणाला, "दाजी, रंगानं आवाज अडतोय. मी पेंटर हाय, मला रंगाचं कळतंय." मग स्क्रूची भोकं सैल झाली म्हणून त्यांत काड्यापेटीच्या काड्या ठोकल्या. मग तारा खरखरायला लागल्या म्हणून दांडी जराशी मागं कलती करायला बुडख्याखाली पातळ काहीतरी सारायला लागला. विडीच्या बंडलाचा कागद झाला, एसटीचं तिकीट झालं, पत्त्यातला चौकटचा गुलाम झाला. प्रत्येक वेळी तार छेडायची, डोकं दातात धरायचं आणि मान हलवायची.

"न्हाई दाजी. मधी फट हाय."

हे त्याचं वाक्य. "मधी फट हाय." कागद मऊ असतो, कागदात आवाज जिरतो, लाकडाला लाकूडच लागलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. तारा ताणलेल्या ठेवूनच तो स्क्रू किंचित सैल करायचा. तारांच्या ओढीनं दांडी आपोआप खाचेत सरकायची आणि 'टक्' असा बारीक आवाज यायचा. तो आला की शिवल्या असा खूश व्हायचा की जणू सुनेनं माप ओलांडलं. मग चारी स्क्रू तिरपे तिरपे आवळायचे, एक इकडचा, एक तिकडचा, ट्रकच्या चाकाचे आवळतात तसे.

कुणी म्हणालं, "शिवा, एखादं गाणं वाजव की," तर तो म्हणायचा, "दांडी बसू द्या, मंग वाजवतो." आठ वर्षांत त्याच्याकडून अर्धं गाणंसुद्धा कुणी ऐकलं नव्हतं.

आणि हे फटीचं प्रकरण नुसतं गिटारीपुरतं असतं तरी मी सोसलं असतं. त्याला जगात जिकडंतिकडं फटी दिसायच्या. जिल्हा झाल्याच्या आनंदात मैदानावर मोठी सभा झाली. पुढारी तासभर बोलले. आम्ही हात दुखेपर्यंत टाळ्या वाजवल्या. परत येताना मी विचारलं, "कसं वाटलं भाषण?" तर म्हणाला, "स्टेज आन पब्लिकच्या मधी लई फट हाय."

त्याच्या लग्नासाठी मी उदगीरपर्यंत पायताण झिजवलं. निलंग्याची एक मुलगी दाखवली. गोरी, सातवी शिकलेली, घरी चार म्हशी. बाहेर आल्यावर हा म्हणतो, "पोरगी चांगली हाय. पण तिच्यात आन तिच्या बापात फट हाय. त्यो बोलला की ती भिंतीकडं बघती."

"तुला बापाशी लगीन करायचंय का?"

"तसं न्हाई दाजी. पण मला बघवना."

असं करत करत स्वारी छत्तीस वर्षांची झाली. आमच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत एकटा राहायचा. सकाळची आणि रात्रीची भाकरी खाणावळीत, दुपारची मात्र आमच्याकडं, आपल्या आक्काच्या हातची. मी दुपारी आडतीत असायचो. तो जेवतो आणि जातो, एवढंच मला ठाऊक.

एकदा तर कहर झाला. भाकरी थापायची आमच्या घरात एक काठवट होती. माझ्या आईची, जुन्या सागवानाची, हात फिरून फिरून गुळगुळीत झालेली. एके दिवशी बघतो तर तिच्या काठाची बोटभर ढलपी गायब.

"उंदरानं खाल्ली?" मी विचारलं.

शिवल्या म्हणाला, "उंदीर कशाला सागवान खाईल? मीच काढली. पाचर केली. बघा तर दाजी, लाकूड कसं मुरलेलं हाय!"

मी त्याला जे बोललो ते इथं लिहीत नाही. पण बायको काठवटीच्या त्या तुटक्या काठावरून अंगठा फिरवत नुसती हसली. मला वाटलं भावाचा लाड. आणि खरं सांगायचं तर मी तिला काही विचारलंही नाही, कारण तिला काही विचारायचं म्हणजे ओरडावं लागायचं, आणि ओरडलं की शेजारी ऐकायचे.

इथं मला जे सांगायचं नाही तेच सांगावं लागतं.

बाहत्तरच्या दुष्काळात माझी बायको खडी फोडायला जायची. मी तेव्हा सोलापूरकडं हमालीला होतो. खाणीत साचलेल्या हिरव्या पाण्यात बायका तोंड धुवायच्या, डोक्यावरून घ्यायच्या. दुसरं पाणीच नव्हतं. तिचे कान फुटले. पू वाहायला लागला. घरात कुणी कर्ता माणूस नव्हता, ती तेल सोडत राहिली आणि कामावर जात राहिली. मी परत आलो तोवर पू थांबला होता आणि ऐकू येणंही थांबलं होतं. अगदी सगळं गेलं नव्हतं. कानाशी तोंड नेऊन ओरडलं की थोडं पोचायचं.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. मुकादमाची बायको बहिरी, हे बाजारात कशाला? मी सांगायचो, "आमची मंडळी जरा अबोल हाय." गल्लीतल्या बायकांना वाटायचं, मुकादमीण गर्विष्ठ आहे, हाक मारली तरी बघत नाही. वाटू दिलं. गर्विष्ठ म्हणून घेणं परवडतं. शिवाय घरात मंगल होती, माझी एकुलती एक मुलगी. तिच्या लग्नाचं वय जवळ येत होतं. आईचं बहिरेपण ऐकून कुठला पाव्हणा दारात उभा राहिला असता? पोरीच्या पोटीही तेच निघेल, असं म्हणून लोक पाणी न पिता परत जातात. बघितलंय मी.

आणि जिल्हा झाला तसं स्थळ आलं. मुलगा औशाचा, नव्या कलेक्टर कचेरीत शिपाई लागलेला. तुम्ही म्हणाल, शिपाई म्हणजे काय मोठं? अहो, तेव्हा नव्या कचेरीचा चुना अजून वाळला नव्हता. तिथल्या शिपायाला आम्ही अर्धा कलेक्टर समजत होतो. आडतवाले मला खुर्ची द्यायला लागले होते, नुसत्या बोलाचालीवर.

बघायचा दिवस ठरला. पुढल्या सालचा ऐन उन्हाळा. मी घरात तालीम घेतली. मंगलनं आईला चिकटून बसायचं, पदराखाली तिचा हात धरायचा. एकदा दाबला की बायकोनं म्हणायचं "हाव", दोनदा दाबला की "न्हाई". बाकी नुसतं हसायचं. बायकोनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग मान हलवली. शिवल्या दारात उभा होता. त्याला म्हणालो, "आन तू. मामा म्हणून तुला बसवावंच लागतंय, न्हाईतर पाव्हणे इचारतील मामा कुठाय. पण त्या लाकडाला हात लावलास तर तंगडं मोडीन."

"हाव दाजी," तो म्हणाला. जरा थांबून म्हणाला, "पण दाजी, 'हाव' आन 'न्हाई', नुसत्या दोन स्क्रूवर दांडी बसत न्हाई."

"काय?"

"काय न्हाई."

पाव्हणे आले. मुलगा, त्याचा बाप, आणि बापाची आई. ही म्हातारी काटकुळी, तोंडात एक दात नाही, पण डोळे तराजूच्या काट्यासारखे. मुलाचा बाप अघळपघळ माणूस होता, त्याची मला भीती वाटली नाही. म्हातारीची वाटली.

मंगलला नाव विचारून झालं, स्वयंपाक विचारून झाला. मी मनात सुटकेचा श्वास सोडत होतो, तेवढ्यात म्हातारी म्हणाली, "पोरीचं बघून झालं. आता मला हिच्या आईसंगं बोलायचंय. पोरगी शेवटी आईवर जाती."

बायको पुढं सरकून बसली. मंगल तिला चिकटली. म्हातारी म्हणाली, "बाई, तब्येत बरी हाय न्हवं?" पदर हलला. "हाव," बायको म्हणाली. "लातूरला जलमलात का?" पदर दोनदा हलला. "न्हाई." मी मिशीवरून हात फिरवला. मुकादमाचं डोकं आहे, वाटलं.

मग म्हातारीनं विचारलं, "पोरीला कायकाय आवडतंय?"

मंगल थिजली. ह्याला दाबायचं किती वेळा? बायकोनं वाट बघितली, एकदा लेकीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि हसत म्हणाली, "हाव."

म्हातारीनं जवळचा पितळी तांब्या उचलला आणि बायकोच्या पाठीमागं फरशीवर दाणकन आपटला. आम्ही सगळे दचकलो. बायको एकटी तशीच हसत बसली होती.

"बाईला ऐकू येत न्हाई व्हय?" म्हातारी मला म्हणाली.

"तसं न्हाई, तसं न्हाई," मी म्हणालो. कपाळावर घाम. "जरा सर्दी झालीय."

"सर्दी? ह्या उन्हात?"

तेव्हा कोपऱ्यातून शिवल्याचा आवाज आला, "धा वर्षं झाली आजी, सर्दीला. दुष्काळातली हाय."

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बायका म्हणतात. गड्यालाही तसं वाटतं, ते मला त्या दिवशी कळलं. मुलाचा बाप छताकडं बघायला लागला. मंगलनं खाली मान घातली. तिच्या हातावर टपकन पाणी पडलेलं मी बघितलं. आता हे उठणार, चपला घालणार, आणि संध्याकाळपर्यंत बाजारात कळणार.

शिवल्या उठला. दारामागच्या खुंटीवरून गिटार काढली. मी "शिवल्या!" म्हणून ओरडलो असेन, पण तोंडातून आवाज फुटला की नाही आठवत नाही. तो सगळ्यांच्या मधोमध बसला, तार छेडली आणि पाव्हण्यांदेखत डोकं दातात धरलं. मग मान हलवली.

"थांबा आजी. उन्हानं लाकूड आटलंय. मधी फट हाय."

आणि खिशातून पेचकस काढून त्यानं स्क्रू सैल करायला घेतले! लग्न मोडायला आलंय, आणि हा दांडी बसवतोय. एक स्क्रू भोकातून सुटून घरंगळला, तो थेट मुलाच्या पायाशी. मुलानं तो उचलला आणि कचेरीत साहेबाचा शिक्का धरावा तसा तळहातावर धरून बसला. 'टक्' असा आवाज झाला. शिवल्यानं मुलाच्या हातावरून स्क्रू घेतला, चारी आवळले, तिरपे तिरपे.

मग गिटारीचं डोकं त्यानं आपल्या आक्कापुढं केलं. तिनं पदर सावरला, डोकं दातांत धरलं, एक हात दांडीखाली आधाराला घातला. रोज पाटा घेऊन वाटायला बसावं इतक्या सवयीनं. तेवढ्यावरून मला कळलं, हे आजचं नाही.

"आजी, तुमी इकडं या. ह्या धडावर हनुवटी टेकवा, घट्ट. आन बोला."

"मला दात न्हाईत रे बाबा," म्हातारी म्हणाली.

"तुमाला नकोत. दात तिला पाहिजेत. तुमी फकस्त हाड टेकवा आन हळू बोला. लाकूड नेतंय पुढं."

म्हातारीनं आधी लेकाकडं बघितलं, मग मुडपलेल्या गुडघ्यांवर सरकत आली आणि गिटारीवर हनुवटी टेकवली. एका टोकाला बिनदाताची म्हातारी, दुसऱ्या टोकाला माझी बायको, आणि मधे ती मुकी गिटार. असलं चित्र कुणी कधी पाहिलं नसेल. कुणी हसलं मात्र नाही.

म्हातारी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "बाई, तुझी पोरगी मला नातसून म्हणून पाहिजे. तुला चालतंय का?"

बायकोचे डोळे मोठे झाले. तिनं दातातून डोकं काढलं. दहा वर्षं स्वतःचा आवाज न ऐकल्यानं तिचं बोलणं सपाट आणि जरा मोठं झालेलं. ती म्हणाली, "मला कुणी इचारलंच न्हवतं."

मी पायरीवरच्या पाव्हण्यांच्या चपला मोजायला लागलो. तीन जोड होते. परत मोजले.

"चालतंय," बायको म्हणाली. "पण आजी, येवढं करा. माझ्या पोरीवर वरडू नका. तिला ऐकू येतंय."

म्हातारीनं हनुवटी उचलली आणि लेकाला म्हणाली, "दुष्काळानं आपल्याबी घरातलं लई काय नेलंय. हिचे कानच नेले, माणूस तर ठेवलं! पोरीला ऐकू येतंय न्हवं? आण रे साखर." मुलाचा बाप मोठ्यानं हसला आणि मला म्हणाला, "बरंच झालं की मुकादम! आमच्या पोराच्या तक्रारी सासूपतूर जायच्याच न्हाईत."

साखर वाटली. मुलगा जरा सैलावला होता. म्हणाला, "मामा, आता एक गाणं तरी वाजवा."

शिवल्याचं तोंड एकदम उतरलं. इतका वेळ शेरासारखा बसलेला माणूस, बोटानं फरशीवरचा चुना खरवडायला लागला.

"मला वाजवाया येत न्हाई," तो म्हणाला.

"आं? मग आठ वर्षं हे काय करत होतास?" हे मी विचारलं.

"बसवत होतो की. दोन्ही हात गुतले म्हणून एकदा दातात धरली, तर आवाज सरळ डोक्यात शिरला. कानाला न इचारता. तसाच पळत आक्काकडं आलो." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "ती बोलायला ठेवली होती दाजी. वाजवायला कुठं."

पाव्हणे गेल्यावर मी बायकोच्या कानाशी तोंड नेलं आणि सवयीनं ओरडणार तेवढ्यात थांबलो. बोटांनी विचारलं, रोज काय बोलता? तिनं सांगितलं ते असं. तो रोज दुपारी येतो. कुणाची पाटी रंगवली, त्यावर काय लिहिलं, कुणाचं दुकान नवं झालं, खाजाभाईनं काय चेष्टा केली, सगळं सांगतो. बाजारातली एकूण एक पाटी मला पाठ आहे, म्हणाली. "लातूर जिल्हा झाला, ते मला त्यानंच सांगितलं."

मी तिला ते सांगितलं नव्हतं. जिल्ह्याचं एवढं काय सांगायचं, असं वाटलं असेल. मग आठवलं, सभेहून आल्यावर मी अख्ख्या गल्लीला पेढे वाटले होते. तिच्या हातावरही एक ठेवला होता. कशाचा ते बोललो नव्हतो.

आणि तेव्हाच हेही ध्यानात आलं, की शिवल्यानं ज्याला सांगावं असं त्याच्या घरी दुसरं कुणी नव्हतं. पत्र्याच्या त्या खोलीत कुणाशी बोलणार? दिवसभर शिडीवर उभा राहून दुसऱ्यांची नावं मोठ्या अक्षरांत लिहायची, आणि दुपारी त्यातलं एकेक आणून बहिणीला द्यायचं, एवढाच त्याचा संसार. मी त्याला आठ वर्षं लाकूड चावणारा समजत होतो.

मी कुणाची माफी मागणाऱ्यांतला नाही. आता ऐंशी ओलांडली तरी मागितलेली नाही, आणि आता सवय करायची म्हटलं तर जमणारही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आडतीला निघालो, टोपी घातली, आणि दारातून परत आलो. बायको चुलीपुढं भाकऱ्या थापत होती, त्याच काठतुटक्या काठवटीत. मी खुंटीवरून गिटार काढली. ती वाटली होती त्याहून जड निघाली. दाराला कडी लावली, बायकोसमोर उकिडवा बसलो आणि गिटारीचं डोकं तिच्यापुढं केलं. पिठाचे हात तिनं पदराला पुसले. मी धडावर हनुवटी टेकवली. लाकूड गार होतं. दहा वर्षांचं काय बोलावं काही सुचेना. शेवटी म्हणालो, "नळाला पाणी आलं का?"

पाणी आलेलं होतं. मीच हंडा भरून ठेवला होता.

बायकोनं कपाळाला आठी घातली, डोकं दातांत जरा फिरवून परत धरलं आणि हातानं खूण केली, नीट येत नाही. मी परत बोललो, जरा मोठ्यानं. तिनं परत मान हलवली. तशी मी कडी काढली आणि मागच्या पत्र्याच्या खोलीकडं तोंड करून, गल्ली ऐकेल की नाही ह्याचा विचार न करता, हाक मारली, "शिवल्या, पेचकस घेऊन ये. बघ जरा, आमच्या मधी फट हाय."

तो अर्धी दाढी साबणाची ठेवून आला. मी गिटार पालथी करून मांडीवर घेतली, आणि त्यानं स्क्रू सैल करून करून माझ्या हातावर ठेवले. ते घट्ट मुठीत धरून मी तिथंच बसून राहिलो. आडतीला त्या दिवशी उशीर झाला.